नागिणीवरचं औषध

१

मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला डॉक्टरांनी नकार दिला, तेव्हा शववाहिका रुग्णालयाच्या खाली येऊन उभी होती. नातेवाईक जिन्यात ताटकळले होते आणि सगळ्यांना वाटत होतं, कॅन्सरचा माणूस, गेला, त्यात सही अडवण्यासारखं काय आहे?

डॉक्टर कॅन्सरचेच होते, आणि नेमकं म्हणूनच त्यांचा हात अडला होता. त्यांनी पोलिसांना फोन केला. आलेल्या निरीक्षक बाईंना खुर्ची द्यायचंही त्यांना सुचलं नाही, उभ्या-उभ्याच ते सांगू लागले. गेलेल्या माणसाचं, ज्यांना सगळे सर म्हणत त्यांचं, ऑपरेशन उत्तम झालं होतं. आतड्यातली गाठ मुळासकट निघाली होती. आजार उलटू नये म्हणून गोळ्या चालू होत्या, त्याही बेताच्या डोसात. महिनोन्‌महिने त्या सरांना सोसल्या. आणि शेवटच्या आठवड्यात अचानक तोंडाचं सालपट निघालं, आतडी रक्ताळली, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या. शरीरात लढायलाच कुणी उरलं नाही.

"गोळ्यांचा डोस कित्येक पटींनी वाढला, तरच असं होतं," डॉक्टर म्हणाले. "मी स्वतः घरी जाऊन गोळ्या मोजल्या. एकही कमी नाही. दुसऱ्या कुठल्या दुकानातूनही घेतलेल्या नाहीत."

निरीक्षक बाई पन्नाशीच्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवून तो दिवसभर शोधत बसण्याची त्यांची खोड खात्यात प्रसिद्ध होती. त्यांनी शववाहिका परत पाठवली आणि मृतदेह सरकारी प्रयोगशाळेकडे रवाना केला. जिन्यातल्या लोकांना काय सांगायचं, हे मात्र त्यांना कळेना. ज्याने जास्त गोळ्या घेतल्याच नव्हत्या, तो माणूस जास्त गोळ्यांनी मेला होता.

२

सरांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, स्वच्छ आणि पुस्तकांनी गच्च भरलेलं. दार सरांच्या पत्नीने उघडलं. ती त्यांची दुसरी बायको. पूर्वी रुग्णालयात परिचारिका होती आणि लग्नाला बारा वर्षं झाली तरी घरात तिला सगळे 'सिस्टर'च म्हणत. सरांची पहिल्या लग्नाची मुलगी चिऊ, वय चौतीस, तीही तिला सिस्टरच म्हणे. त्यात राग नव्हता. आई म्हणायचं राहून गेलं होतं, एवढंच.

औषधं सिस्टरच्या हातात होती, म्हणजे पहिला संशय तिच्यावर. हे तिला सांगावं लागलं नाही. तिने स्वतःच आजारपणाच्या खोलीतला खण ओढून बाहेर काढला आणि पलंगावर ठेवला. कॅन्सरच्या गोळ्या, उलटीच्या गोळ्या, नागिणीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नेहमीच्या गोळ्या.

"नागीण?" बाईंनी विचारलं.

सिस्टरने सांगितलं की महिन्यापूर्वी सरांच्या बरगड्यांवर नागीण उठली. केमोच्या माणसाला ती उठतेच, पण सरांची भयंकर होती. अंगाला सदरा लागला तरी ते ओठ चावत. नागिणीच्या नेहमीच्या गोळ्या पोटात टिकेनात, उलटून पडत. त्यातच छातीत संसर्ग झालेला, त्यासाठी अँटिबायोटिकचा जोरदार कोर्स चालू होता. पुढे फोड सुकले, छाती मोकळी झाली, सर बाल्कनीत बसू लागले. आणि बरं वाटतंय म्हणेपर्यंत हे असं झालं.

खणाच्या कोपऱ्यात काही रिकाम्या पुड्या चुरगळून पडल्या होत्या. पोटात चांगले जिवाणू वाढवणाऱ्या, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात तशा. डॉक्टरांनी लिहून दिल्या का, असं बाईंनी सहज विचारलं. नाही म्हणाली सिस्टर, त्या वस्तादने आणल्या. अँटिबायोटिकने पोट बिघडतं, कोर्स संपला की लगेच सुरू करा, असं बजावून गेला. रोज फोन करून विचारायचा, कोर्स कधी संपतोय म्हणून. पोटच्या पोरानेही एवढं केलं नसतं.

वस्ताद म्हणजे सरांचा पट्टशिष्य. कागदावर काढलेला कुठलाही रेणू भांड्यात बनवून दाखवायचा, म्हणून सरांनीच त्याला हे नाव दिलं होतं. विषाणूंवरच्या औषधांची एक प्रयोगशाळा दोघांनी मिळून उभी केली होती.

निघताना बाईंनी विचारलं, त्या दोघांत कधी काही वाजलं होतं का. सिस्टर खण परत बसवू लागली. मग म्हणाली, भांडण असं नाही. पण नागीण उठायच्या आधी एकदा वस्ताद भेटायला आला होता. ती बाहेर फळं कापत होती. सरांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नव्हता, म्हणूनच ते वाक्य तिच्या लक्षात राहिलं.

"ते म्हणाले, मी कामावर परत येईन, तेव्हा तू माझ्याआधी तोंड उघडलेलं असायला हवं. नाहीतर मी उघडीन."

३

सरांच्या प्रयोगशाळेत गेल्या गेल्या बाईंना चिऊच दिसली. सुतक पाळायचं सोडून ती कामावर आली होती, डोळे सुजलेले, कानाला फोन. नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि ज्या आजाऱ्यांवर ती चालली होती, त्यांच्याशी बोलायचं काम चिऊचं होतं. तिच्याऐवजी दुसरं कुणी नव्हतं.

समोरच्या बाकावर बसून बाईंनी तिचं बोलणं ऐकलं. पलीकडचा माणूस चाचणीत घ्या म्हणून गयावया करत असावा. चिऊ मऊ आवाजात त्याला समजावत होती: फोड उठल्यापासून दोन-तीन दिवसांच्या आत आलात, तरच उपयोग होतो. तुमचे तर सुकायला लागलेत. आता हे औषध देऊन काहीच होणार नाही, काका. दुखण्यावर वेगळा इलाज आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

म्हणजे ते नवं औषध नागिणीवरचं होतं.

वस्ताद चाळिशीचा, देखणा, बोलायला मोकळा. सरांचं नाव काढताच त्याचे डोळे भरून आले, आणि ते खोटं वाटलं नाही. औषधाबद्दल विचारल्यावर मात्र तो खुलला. फळ्यावर दोन गोल काढून त्याने ते एका रेघेने जोडले.

तो सांगू लागला, की आपल्या पेशी आणि विषाणू, दोघांचीही जन्मपत्रिका चार अक्षरांत लिहिलेली असते. एकेका अक्षराला साखरेचा एक तुकडा जोडलेला असतो. अक्षर आणि साखर मिळून जे होतं, ते न्यूक्लिओसाइड. विषाणूला वाढायचं तर ही अक्षरं ओळीने जोडत जावं लागतं. आपण काय करायचं, खरं वाटेल असं खोटं अक्षर त्याच्या हातात द्यायचं. तो ते बसवतो आणि त्याची ओळ तिथेच खुंटते. कॅन्सरच्या गोळ्यांची युक्तीही याच कुळातली, फक्त तिथे फसते ती आपलीच पेशी.

"आणि तुमचं खोटं अक्षर शरीरात गेल्यावर पुढे त्याचं काय होतं?"

"काही नाही. जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर." वस्तादने दोन गोलांमधल्या रेघेवर बोट टेकवलं. "ही साखर तुटत नाही. हाच तर आमच्या औषधाचा गुण."

चाचणीत कुणी दगावलं का, असं बाईंनी विचारलं. एक आजी गेल्या, तो म्हणाला, पण त्यांना आधीच कॅन्सर होता, औषधाशी संबंध नाही. हे सांगताना तो फळा पुसत होता, त्यामुळे त्याचा चेहरा दिसला नाही.

४

सरकारी प्रयोगशाळेतली विषतज्ज्ञ ही निरीक्षक बाईंची सख्खी नणंद. घरी दोघींचं भाजीच्या मिठावरूनही जमत नसे. कामात मात्र बाईंचा तिच्याइतका विश्वास दुसऱ्या कुणावर नव्हता. निष्कर्ष हाती आले, तेव्हा नणंदेने फोन केला नाही, भेटायलाच बोलावलं.

तिने सांगितलं की सरांच्या रक्तात कॅन्सरचं औषध खरोखरच कित्येक पट होतं. डॉक्टरांचं बरोबर होतं आणि सिस्टरचंही. गोळ्या मोजून-मापूनच गेल्या होत्या. पण अशी गोळी पोटात गेली, की तिचा बराचसा भाग यकृतातलं एक एन्झाइम मोडून टाकतं. ते मोडतं म्हणून माणूस तगतो. डॉक्टर डोस ठरवतात, तो हे मोडणं गृहीत धरूनच. सरांच्या यकृतात ते एन्झाइम होतं, पण निकामी. त्याला काहीतरी असं घट्ट चिकटलं होतं, की सुटेचना. मग रोजची गोळी मोडलीच जाईना. आजची तशीच, उद्याची तशीच, साठत गेली.

"काय चिकटलं होतं?"

"तुझ्या त्या वस्तादच्या औषधाचं अक्षर. एकटं. साखर तुटलेली."

ती तुटत नाही म्हणतात, बाई म्हणाल्या.

नणंद हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. तिने वहिनीला सांगितलं की माणसाच्या शरीराला ती तोडता येत नाही, हे खरं आहे. आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंना येते; चाचणीतल्या कॅप्सूलचा नमुना त्यांच्यात मिसळून तिने ते पाहिलं होतं. ते साखर तोडून खातात आणि उरलेलं अक्षर रक्तात सोडून देतात. कॅन्सरच्या गोळ्या न घेणाऱ्याला त्याची खबरही लागत नाही. घेणाऱ्याचा मात्र घात होतो. बाईंनी चष्मा शोधायला हात वर नेला आणि तो तसाच कपाळाशी थांबला.

"अँटिबायोटिक चालू असेल तर?" त्यांनी विचारलं.

"तर आतड्यातले ते जिवाणूच मेलेले. साखर तोडायला कुणी नाही. अख्खं औषध बाहेर पडून जाईल." नणंदेने वहिनीकडे निरखून पाहिलं. "का गं वहिनी?"

५

चिऊने फार ताणलं नाही. बाईंनी तिला समोर बसवून एवढंच विचारलं, की चाचणीची कॅप्सूल सरांना कुणी दिली. तिने हात मांडीवर घट्ट धरले आणि सांगून टाकलं.

नागीण उठल्याच्या पहिल्याच दिवशी तिने वडिलांकडे विषय काढला होता. ते म्हणाले, चाचणीतलं औषध घरी आणायचं नाही. आपल्या माणसाला एक न्याय आणि जगाला दुसरा, असं चालणार नाही. पुढे दोन दिवस ती त्यांचं कण्हणं ऐकत राहिली. मग तिने वस्ताददादाचे पाय धरले. शब्दशः धरले. तो म्हणाला, सरांना कळलं तर ते मला तोंड दाखवू देणार नाहीत. त्याने साफ नकार दिला.

आणि मग फोड सुकत आल्यावर एक दिवस तो स्वतःहूनच तिच्या टेबलाशी आला. कॅप्सूलची बाटली तिच्या पर्समध्ये टाकली. मागे राहणाऱ्या दुखण्यावरही हिचा गुण येतो, म्हणाला. सरांना सांगू नकोस, सिस्टरलाही नको. चिऊने कॅप्सूल उघडून त्यातली पूड संत्र्याच्या रसात घातली. रोज. वडील म्हणायचे, हल्ली रस कडवट लागतो. ती म्हणायची, तुमच्या तोंडाला चव नाही.

"तुम्हीच लोकांना फोनवर सांगता, सुकलेल्या फोडांवर औषधाचा उपयोग नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"मला ठाऊक होतं," चिऊ म्हणाली. "पण औषध ज्याने बनवलं, तोच सांगत होता. मी त्याच्याहून शहाणी का?"

मग ती थांबली. आपण काय सांगितलं, याचा अर्थ आत्ता कुठे तिच्या ध्यानात येत होता.

"त्या कॅप्सूलनी गेले का बाबा?"

बाईंनी मान डोलावली. तिला तिथेच एका महिला शिपायाजवळ बसवून त्या वस्तादच्या खोलीकडे निघाल्या.

६

वस्तादने कॅप्सूल दिल्याचं नाकारलं नाही. उलट त्याला सुटल्यासारखं झालं. तो म्हणाला की चिऊचं रडणं बघवलं नाही, तत्त्व मोडलं, चूक झाली. पण ती मायेपोटी झाली. कॅन्सरच्या गोळीशी आपलं औषध असं भांडेल, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला तर हे आजच, बाईंच्या तोंडून कळत होतं. जी काय शिक्षा असेल ती तो भोगायला तयार होता.

बाईंनी ऐकून घेतलं. मग वैतागल्यासारखा सुस्कारा टाकून म्हणाल्या, की हे शास्त्र काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही. "अहवालात लिहिताना घोळ नको, म्हणून विचारते. ते आतड्यातले जिवाणू कॅप्सूल खातात, मग रक्तातून यकृतात जातात आणि तिथलं एन्झाइम बंद पाडतात. बरोबर ना?"

"जिवाणू कशाला रक्तात जातील?" वस्ताद म्हणाला. चुकलेल्या विद्यार्थ्याला सांगावं तसा त्याचा सूर होता. "ते आतड्यातच साखर तोडतात. रक्तात जातं ते उरलेलं अक्षर."

"परवा तुम्ही म्हणालात, साखर तुटत नाही."

वस्तादने ओठांवरून जीभ फिरवली. तो म्हणाला, रसायनशास्त्रात आयुष्य गेलंय, तुम्ही जिवाणू म्हटल्यावर एवढा अंदाज येणारच.

"येईल," बाई म्हणाल्या. "हुशार आहात, आत्ताच्या आत्ता सुचलं असेल. मग एवढंच सांगा. चिऊने पाय धरले, तेव्हा फोड ताजे होते, औषध लागू पडलं असतं. तेव्हा दिलं नाहीत. सुकल्यावर दिलंत, जेव्हा त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, आणि हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मधल्या काळात सरांच्या घरात एकच गोष्ट बदलली. अँटिबायोटिक संपलं. ते कधी संपतंय, हे तुम्ही सिस्टरला रोज विचारत होतात. आणि संपल्यावर जिवाणूंच्या पुड्या नेऊन दिल्यात. त्यांचा उपयोग झाला की नाही, देव जाणे. पण आतड्यात जिवाणू लवकर परतावेत, याची घाई तुम्हाला का होती?"

वस्ताद खिडकीपाशी गेला. तिथून चिऊची खोली दिसत होती. तिच्याकडे पाठ करून तो बोलला, तेव्हा आवाजात मघाचा मोकळेपणा नव्हता.

त्या आजी गेल्या, तेव्हाच त्याला शंका आली होती. कॅन्सरच्या गोळ्या घेत होत्या. त्याने कुणाला न सांगता उंदरांवर करून पाहिलं. दोन्ही औषधं मिळालेले उंदीर मेले. आधी अँटिबायोटिक पाजलेले जगले. एवढं स्वच्छ उत्तर त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं, कारण सांगितलं असतं तर औषध तिथेच संपलं असतं. सरांना उंदरांचं काहीच माहीत नव्हतं. आजींचा मृत्यू कागदावर घाईघाईने निकालात काढला गेला, एवढंच त्यांना खुपत होतं. तू स्वतः चौकशी लाव, म्हणाले. माझी प्रकृती सुधारेपर्यंत मुदत.

"ते मला पोलिसांत देऊ शकले असते," वस्ताद म्हणाला. "त्यांनी मुदत दिली. असे होते ते."

"आणि तुम्ही त्यांच्या लेकीच्या हातून दिलंत."

शिपाई आत आले, तेव्हा त्याने मुकाट्याने हात पुढे केले.

७

चिऊ बाकावर तशीच बसली होती. बाई तिच्या शेजारी टेकल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, आजींपासून पुड्यांपर्यंत. काही लपवलं नाही. तिने न हलता ऐकलं. मग तिने तोच प्रश्न विचारला, ज्याची बाईंना नणंदेच्या प्रयोगशाळेतून निघाल्यापासून धास्ती होती.

"मी पहिल्यांदा मागितलं, तेव्हा त्याने दिलं असतं तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. वीस वर्षांच्या नोकरीत त्या अशा वेळी अनेकदा खोटं बोलल्या होत्या.

"अँटिबायोटिक चालू होतं," त्या म्हणाल्या. "बहुतेक काही झालं नसतं. कदाचित नागीणही लवकर बरी झाली असती."

चिऊ पुढे वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिथे बरगड्या हलत होत्या, एवढंच कळत होतं. वडिलांना ह्याच जागी हात लावू देववत नव्हता, हे बाईंच्या मनात आलं आणि त्यांनी हात काढून घेतला.

खरं तर त्यांना निघायला हवं होतं. चाचणी थांबवायचा आदेश निघाला होता, पण घराघरांत पोचलेल्या कॅप्सूल आदेशाने थांबणार नव्हत्या. कुणाकडे किती बाटल्या आहेत, कोण कॅन्सरचं औषध घेतं, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं, कारण विचारण्याचं कारणच वस्तादने दाबून ठेवलं होतं. दोन शिपाई फोनवर बसवावे लागणार होते. बाईंनी तसं सांगायला सुरुवात केली.

"शिपाई कुणाला ओळखत नाहीत," चिऊ म्हणाली. ती उठली. पदराने तोंड पुसलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. "पोलिसांचा फोन आला की लोक घाबरून ठेवून देतात. मला आवाजाने ओळखतात."

तू संशयित आहेस, असं बाईंनी म्हणायला हवं होतं. त्या दाराशी उभ्या राहिल्या.

चिऊ एकेक फोन लावत गेली. नाव विचारायची, प्रकृती विचारायची, मग एकच प्रश्न. बहुतेक जण नाही म्हणत. औषध बंद करा, बाटली परत न्यायला माणूस येईल, एवढं सांगून ती पुढचा फोन लावायची. संध्याकाळच्या सुमाराला एका मुलीने फोन उचलला. आवाजावरून चिऊच्याच वयाची असावी.

"हो, बाबा घेतात ना कॅन्सरच्या गोळ्या," ती म्हणाली. "तुमची कॅप्सूल आजच सुरू करतेय. हे काय, पाणी घेऊन उभीच आहे."

"ठेवून द्या," चिऊ म्हणाली.

पलीकडची गोंधळली. मग तिला रडू फुटलं आणि रागही आला. ती म्हणाली की बाबांना अंगावर चादरसुद्धा सहन होत नाहीये, किती विनवण्या करून हे औषध मिळवलं, आणि आता तुम्हीच देऊ नका म्हणता. ते दुखणं तुम्ही पाहिलंयत का कधी?

चिऊने डोळे मिटून घेतले.

"दुखू दे त्यांना," ती म्हणाली. "मी सांगतेय ना. दुखू दे. कॅप्सूल देऊ नका."

आणि पलीकडे पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत तिने फोन कानावरून हलवला नाही.